कसाऱ्याचा घाट आणि मोटारीची ठिणगी

मुंबईहून आग्र्याला जाणारा जुना हमरस्ता शहापूर आणि खर्डी मागे टाकून कसाऱ्यापाशी पोचला, की तोवर बराचसा निर्धास्तपणे चाललेल्या वाटसरूपुढे सह्याद्री एकदम उभा राहतो. आणि ज्या थळघाटात लोहमार्गाला सदतीस फुटांस एक फूट असा चढ काढून १८६५ साली इगतपुरी गाठावी लागली, त्याच घाटाने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत पेट्रोलच्या मोटारी नाशिककडे चढू लागल्या, तेव्हा त्या नव्या वाहनाच्या प्रत्येक अवयवाची तेथे कसून झडती होऊ लागली. रेडिएटरमधले पाणी उकळे, ब्रेकचे पट्टे तापून त्यांचा करपट वास सुटे, गाडी थांबलीच तर चाकामागे दगड लावण्यासाठी क्लीनरला उडी टाकावी लागे. परंतु या साऱ्या अवयवांत सर्वांत लहान, जेमतेम अंगठ्याएवढी जी वस्तू, तिच्यावाचून बाकीचे सारे लोखंड निव्वळ ओझे ठरे. ती वस्तू म्हणजे स्पार्क प्लग. नाशिकच्या पेठेत तांग्यामागून सावकाश चालताना जो प्लग काजळी धरून निकामी होई, तोच घाटात तापून लाल होई. आणि घाटात जो टिके, तो पेठेत काळा पडे. कोणत्या गाडीला, कोणत्या रस्त्यासाठी, कोणता प्लग घालावा हा निवाडा म्हणूनच त्या काळी मोठ्या जोखमीचा होता, आणि तो ज्यांनी रोजच्या रोज केला त्या मोटारचालकांची व मिस्त्रींची हकीकत कोणत्याही सरकारी दप्तरात नमूद नसल्यामुळे ती सांगण्याचे अगत्य मला वाटते.

मुळात ठिणगीचा प्रश्न मोटारीहूनही जुना आहे. पॅरिसमध्ये एतियेन लेनोआर याने १८६० साली दिव्याच्या गॅसवर चालणारे जे इंजीन उभे केले, त्यातच रूमकॉर्फच्या वेटोळ्यातून निघणाऱ्या उच्च दाबाच्या विजेने ठिणगी पाडण्याची तजवीज होती. पण ती अवजड, नाजूक आणि बेभरवशाची असल्यामुळे पुढच्या पिढीतल्या गोटलीब डाइम्लरने विजेचा नादच सोडला, आणि बाहेरून बर्नरच्या ज्योतीने लाल ठेवलेली एक नळी इंजिनाच्या पोटात खुपसून मिश्रण पेटविण्याचा मार्ग पत्करला. पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर उघडी ज्योत बाळगून प्रवास करणे म्हणजे काय, आणि वाऱ्याच्या एका झोताने ती विझली म्हणजे काय होई, याची कल्पना ज्याची त्याने करावी. १८८६ साली तीनचाकी गाडीचे पेटंट घेणारा कार्ल बेंझ मात्र विजेला धरून राहिला, आणि सर्व प्रश्नांचा प्रश्न तो हाच, असे त्याचे मत होते. त्याची पत्नी बेर्था १८८८ च्या ऑगस्टात दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीने गेली, तेव्हा वाटेत ठिणगीच्या तारेचे वेष्टन झिजले, आणि तिने आपल्या पायमोज्याचा बंध तिच्याभोवती गुंडाळून पुढचा रस्ता कापला. मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा प्रवास असा एका गृहिणीच्या प्रसंगावधानाने तडीस गेला, याचे मला फार कौतुक वाटते.

स्टुटगार्टमध्ये १८८६ साली लहानसे कारखानेवजा दुकान काढून बसलेल्या रॉबर्ट बॉश याने चुंबकाच्या फेऱ्यातून वीज निर्माण करणारा मॅग्नेटो हाती घेतला. १८९७ साली तो एका द दियाँ तीनचाकीवर बसविला गेला. आणि त्याच्या पेढीतला तरुण इंजिनियर गोटलोब होनोल्ड याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याला साजेसा प्लग अशी जोडी तयार करून ठिणगीला स्थैर्य आणले. बॅटरी नको, ज्योत नको. इंजीन फिरले की वीज उत्पन्न व्हावी आणि दोन टोकांमधल्या नखभर फटीतून उडी मारून तिने मिश्रण पेटवावे, इतकी ती सुटसुटीत व्यवस्था होती. चार फेऱ्यांच्या रीतीने चालणारे इंजीन मिनिटास दोन हजार वेळा फिरत असेल, तर त्यातल्या प्रत्येक प्लगला मिनिटास हजार ठिणग्या पाडाव्या लागतात, आणि त्याही एकीकडे भडक्याची आग नि दुसरीकडे आत घुसणारे थंड मिश्रण यांचा मारा सोसत. वीज कशी आणावी हा प्रश्न सुटला. आता ती वाटेत सांडू नये, हा प्रश्न पुढे आला, आणि त्याचा सगळा भार प्लगच्या मधल्या अवाहक भागावर पडला.

तो भाग आरंभी चिनी मातीचा असे. चहाच्या कपबशीला जी माती चालते, तिला इंजिनाच्या पोटात उभे केले म्हणजे ती तडकणार यात नवल नव्हते. आतून आगीचा दाह, बाहेरून रस्त्यावरचे पाणी, आणि वर मिस्त्रीच्या पान्याचा एखादा आडवा हिसका. सूक्ष्म तडा डोळ्यांना दिसत नसे, पण वीज तेवढीच वाट शोधत असे, आणि एक सिलिंडर अकारण मुका होऊन बसे. या मातीला पर्याय म्हणून जो पदार्थ पुढे आला, तो आपल्याकडचा: अभ्रक. मराठी घराला अभ्रक ठाऊक होते ते वैद्याच्या पुडीतल्या अभ्रकभस्माच्या रूपाने. त्याच अभ्रकाच्या, तेव्हाच्या बिहारातल्या कोडर्मा-हजारीबागेच्या खाणींतून निघालेल्या आणि मजुरांनी हाताने पापुद्रा पापुद्रा सोलून काढलेल्या पातळ चकत्या बोटीने विलायतेस रवाना होत, तेथे प्लगच्या मधल्या दांड्याभोवती एकीवर एक दाबून बसविल्या जात, आणि पोलादी कवचात बंद होऊन पुन्हा समुद्रमार्गे मुंबईच्या गोदीत उतरत. अभ्रकाच्या पातळ पत्र्यांच्या बाबतीत त्या काळी जगाची मुख्य भिस्त हिंदुस्थानवर होती. आपल्या मजुरांच्या बोटांतून गेलेली वस्तू आपल्यालाच परदेशी डब्यातून विकत घ्यावी लागावी, या व्यवहाराचे शल्य दादाभाईंच्या पिढीने कापसाच्या संदर्भात मांडले होते. प्लगच्या बाबतीत ते कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही, पण ते तितकेच खरे होते.

अभ्रकाच्या प्लगाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती केनेल्म ली गिनेस या आयरिश शर्यतपटूने. स्वतःच्या शर्यतीच्या गाडीतले प्लग वारंवार दगा देतात हे पाहून त्याने १९१२ च्या सुमारास आपलेच प्लग बनवायला घेतले, आणि आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते ‘के.एल.जी.’ या नावाने विकले. पुढे १९२२ साली ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर ताशी १३३ मैलांहून अधिक वेगाचा जागतिक विक्रमही त्याने केला. अमेरिकेतली कथा याहून विलक्षण आहे. अल्बेर शाँपियों हा पॅरिसमध्ये १८७८ साली जन्मलेला सायकलपटू अमेरिकेत गेला, तेथे स्ट्रॅनहन बंधूंच्या साहाय्याने त्याने प्लगची कंपनी काढली, मग त्यांच्याशी फारकत घेऊन १९०८ मध्ये फ्लिंट गावी नवी कंपनी उभारली. त्याचे आडनाव जुन्या भागीदारांकडेच राहिल्यामुळे नव्या मालावर त्याला केवळ आद्याक्षरे घालावी लागली. दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी मांडलेले ‘चॅम्पियन’ आणि ‘ए.सी.’ हे दोन प्रतिस्पर्धी डबे एकाच माणसाच्या नावाचे होते, हे ते विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

मुंबई इलाख्यात मोटार आली ती आधी संस्थानिकांची, गोऱ्या अंमलदारांची आणि मुंबईच्या धनिकांची हौस म्हणून. १९१४ साली सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मोटार वाहनांचा कायदा झाला, चालकाला परवाना आणि गाडीला नोंदणी क्रमांक आवश्यक ठरला. १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली. आणि १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईतच गाड्यांची जुळणी सुरू केल्यावर मोटार ही हौसेच्या यादीतून उदरनिर्वाहाच्या यादीत येऊ लागली. नाशिकसारख्या क्षेत्राला या वाहनाची गरज मोठी होती. रेल्वेचे स्टेशन गावापासून कोसभर नव्हे, चांगले दोन-अडीच कोस दूर. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांची ट्राम सुरू झाली होती, ती १९३० नंतर थोड्याच वर्षांत बंद पडली. त्र्यंबकेश्वर दहा कोसांच्या आत, सप्तशृंगीची वाट दिंडोरी-वणीवरून, देवळालीला लष्करी छावणी, नाशिकरोडला १९२५ पासून नोटा-तिकिटांचा सरकारी छापखाना, आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ. भाविक, शिपाई, वकील आणि व्यापारी या सर्वांना नेणारी जी खाजगी सर्व्हिस मोटार, तिचा चालक हा या लेखाचा खरा नायक होय.

त्याला प्लग निवडताना पहिली अडचण येई ती आट्यांची. अमेरिकन फोर्डच्या ‘टी’ गाडीला अर्ध्या इंचाचे, पाण्याच्या नळासारखे निमुळते आटे. इतर अनेक अमेरिकन गाड्यांना सात-अष्टमांश इंचाचे सरळ आटे. युरोपीय गाड्यांना अठरा मिलिमीटरचे. आणि १९३० नंतर हळूहळू सर्वत्र चौदा मिलिमीटरचे. एकाच गॅरेजात तीन देशांच्या गाड्या उभ्या असत आणि तिघींचे प्लग एकमेकींना न चालणारे असत. आटे जुळले तरी लांबी जुळेलच असे नाही. प्लग आखूड पडला तर उरलेल्या आट्यांच्या खोबणीत काजळी साठे, आणि लांब पडला तर वर येणारा दट्ट्या त्याला ठोकर देई, म्हणजे दोन रुपयांच्या प्लगापायी इंजीन उघडण्याची पाळी. खाली तांब्याची चकती नीट बसली नाही, तर भडक्याचा दाब तेथूनच निसटे आणि प्लग भलताच तापे.

दुसरी, आणि खरी अवघड, गोष्ट तापमानाची. प्लगच्या आतल्या टोकाला एक मर्यादा सांभाळावी लागते: सुमारे पाचशे अंश सेल्सिअसच्या खाली ते राहिले, तर तेलाची व पेट्रोलची काजळी त्यावर जमून वीज त्या काजळीतून वाहून जाते, ठिणगी पडतच नाही, आणि साडेआठशे-नऊशे अंशांच्या वर गेले, तर ते टोकच निखाऱ्यासारखे लाल होऊन ठिणगीची वाट न पाहता मिश्रणाला अवेळी पेटवते, इंजीन ठोके देऊ लागते, आणि दट्ट्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. आतले चिनी मातीचे टोक लांब ठेवले, की उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता पडतो आणि प्लग तापलेला राहतो, त्याला गरम प्लग म्हणत. टोक आखूड ठेवले, की उष्णता झटकन कवचात उतरते, तो थंड प्लग. सावकाश चालणाऱ्या, तेल खाणाऱ्या जुन्या इंजिनाला गरम प्लग मानवतो. जोरात, ओझ्याखाली, चढावर राबणाऱ्या इंजिनाला थंड. नियम इतका सरळ. पण नाशिक-मुंबईच्या रस्त्यावर एकच गाडी सकाळी रविवार कारंज्यापाशी प्रवाशांची वाट पाहत तासभर घुरघुरे, आणि दुसऱ्या खेपेला खच्चून भरून कसाऱ्याचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढे. तिला काय घालावे?

कंपन्यांचे तक्ते येथे अपुरे पडत, आणि ते परस्परविरोधीही असत. बॉशच्या जुन्या पद्धतीत ९५, १४५, १७५, २२५ असा आकडा चढत गेला, की प्लग अधिकाधिक थंड; चॅम्पियनच्या पद्धतीत एकाच जातीत आकडा वाढला, की प्लग अधिक गरम. एका कंपनीवरून दुसरीवर जाताना हे ध्यानात न ठेवणारा माणूस नेमका उलटा प्लग घालून बसे. शिवाय तक्ते तयार होत ते डेट्रॉइट किंवा स्टुटगार्टच्या हवेला आणि पेट्रोलला धरून. वैशाखातला खानदेशाकडून येणारा वारा, कच्च्या रस्त्याची धूळ, ठरलेल्या वजनाच्या दीडपट भरलेली गाडी आणि झिजलेल्या रिंगांतून वर चढणारे तेल यांचा हिशेब त्यांत नव्हता.

हा हिशेब मिस्त्री करीत असे, आणि तो करण्याचे त्याचे साधन म्हणजे प्लगचे तोंड. लांबच्या खेपेनंतर इंजीन बंद करून, प्लग काढून, तो उजेडात धरून तो पाहत असे. टोक फिकट तपकिरी, कोरडे, भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे असेल, तर प्लग गाडीला लागू पडला. मखमलीसारखी कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड. ओली, चकचकीत, तेलकट काळिमा असेल, तर रिंगा झिजल्या. आणि टोक चुन्यासारखे पांढरे, त्यावर फोड, तारेचे टोक खाल्लेले, असे दिसले तर प्लग गरम, नाहीतर मिश्रण पातळ, नाहीतर ठिणगी वेळेआधी. वैद्य जीभ पाहून पोटाची अवस्था सांगतो, तशी ही विद्या होती, आणि ती केवळ उपमेसाठी मी वैद्यकाशी जोडीत नाही. लक्षणांवरून कारण, कारणावरून उपाय, आणि एकच लक्षण दोन कारणांनी संभवते याची सतत जाणीव, हे तिचे शिस्तबद्ध अंग होते. चालत्या इंजिनात कोणता प्लग मुका आहे हे ओळखण्यासाठी लाकडी मुठीचा पेचकस प्लगच्या टोकावरून इंजिनाच्या अंगाला टेकवीत; आवाज बदलला तर तो प्लग काम करीत होता, बदलला नाही तर गुन्हेगार सापडला. मग तो बाहेर काढून, तार जोडून, इंजिनावर आडवा ठेवून क्लीनरला हँडल मारायला सांगायचे आणि सावलीत ठिणगीचा रंग पाहायचा: निळी, कडकडीत असेल तर उत्तम, पिवळी नि लांबट असेल तर अशक्त. फट मोजायला पातीपट्टी नसेल, तर हाताशी येईल त्या पातळ पत्र्याने अंदाज. मॅग्नेटोला फट किंचित कमी, बॅटरी-कॉइलच्या गाडीला किंचित अधिक.

यातून नाशिक रस्त्यावरच्या कोड्याचे उत्तर निघे ते तडजोडीचे. घाटाला सोसेल असा प्लग घालायचा, कारण घाटात चूक झाली तर ती इंजिनावर बेतते. आणि गावात तो काळा पडला तर काढून, तारेच्या ब्रशाने नि पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवायचा, कारण तेथे चूक झाली तर ती केवळ हातावर निभावते. ‘टी’ फोर्डला लागणारा चॅम्पियनचा जुना प्लग सुटा करता येत असे, त्यातली चिनी माती काढून पुसता येई, म्हणून तो लोकांना प्रिय होता. मला या तडजोडीत एक मोठे तारतम्य दिसते: यंत्राचे नुकसान आणि माणसाचे कष्ट या दोहोंत निवड आली तेव्हा त्या माणसांनी कष्ट पत्करले, कारण यंत्र मालकाचे होते आणि त्यावर घर चालत होते.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण आले, आणि अनेक बसगाड्यांच्या पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी चढली. लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळून निघणारा तो वायू पेट्रोलच्या मानाने दुबळा आणि सावकाश जळणारा. ठिणगी बरीच आधी पाडावी लागे, आणि गाळणीतून सुटलेली राख व ओल प्लगांवर बसे. घाट चढताना प्रवाशांनी उतरून चालणे हा तेव्हा शिरस्ताच पडला होता. याच सुमारास, शिसे मिसळलेले पेट्रोल सर्वत्र होत गेल्यामुळे अभ्रकाच्या प्लगचाही अस्त झाला. शिशाची संयुगे अभ्रकाला खात, म्हणून त्याच्या जागी भट्टीत भाजून घट्ट केलेल्या ॲल्युमिनाची पांढरी शुभ्र नळी आली, आणि कोडर्म्याचा धागा प्लगपासून तुटला.

मोटार येथेच घडविण्याचा ध्यास मात्र युद्धाच्या काळातच मूळ धरीत होता. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांचे नाव नाशिक जिल्ह्याला परिचित होते ते मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या साखरेमुळे. त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून स्वराज्याच्या वर्षी गाड्या बाहेर पडू लागल्या. गाडी देशात जुळली, पण तिची ठिणगी अजून बोटीनेच येत होती. ती उणीव भरून काढण्यासाठी १९५१ साली बंगळूर येथे बॉशच्या सहकार्याने मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच लोकांच्या तोंडची ‘मायको’, उभी राहिली. तिने हाती घेतलेल्या दोन वस्तूंपैकी एक होती स्पार्क प्लग, आणि दुसरी डिझेल इंजिनात तेलाची फवार सोडणारा पंप.

या दुसऱ्या वस्तूतच पहिलीचा शेवट दडलेला होता. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेट घेते. तेथे ठिणगीही नाही आणि प्लगही नाही. ज्या बॉशने १९०२ साली ठिणगीला स्थैर्य दिले, त्याच पेढीने १९२७ साली डिझेलचा पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेऊन तिची गरज संपविण्याची सिद्धता केली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, खाजगी सर्व्हिस मोटारी एकामागून एक मार्गांवरून हटल्या, आणि एस.टी.च्या व मालवाहतुकीच्या गाड्या पुढच्या वर्षांत डिझेलवर गेल्या. प्लग उरला टॅक्सीत, जीपमध्ये, स्कूटरमध्ये आणि रिक्षात.

पुढे नाशिकच्या पश्चिमेला, त्र्यंबकच्या रस्त्यावर सातपूरची औद्योगिक वसाहत वसली आणि मायकोचा कारखाना तेथे आला. गावातल्या एका चौकाला मायको सर्कल हे नाव चिकटले, ते आजही कायम आहे. प्लग मात्र सातपूरला झाला नाही, तो बंगळूरलाच राहिला. सातपूरला तयार होऊ लागले डिझेलचे नोझल, केसाहून बारीक छिद्रांचे, सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेले. ते लावलेल्या मालमोटारी रात्रंदिवस कसाऱ्याचा चढ चढतात, आणि इगतपुरीला चहासाठी थांबलेला चालक इंजिनाचे झाकण उघडून पाणी पाहतो, पट्टा पाहतो, आणि झाकण पुन्हा लावून टाकतो.